समोर कुणीच नसलेला जुगार

२०२३ च्या रमजानमधली गोष्ट. सांगलीत धाकट्या बहिणीकडे इफ्तारला गेलो होतो. दस्तरखानवर खजूर, कलिंगड, भजी, सगळे होते; पण घरात कुणी कुणाशी बोलत नव्हते. मगरीबची नमाज झाली आणि बहिणीने मला आतल्या खोलीत बोलावून रडत रडत सगळे सांगितले.

मोहल्ल्यातल्या बारा बायकांची भिशी तिच्याकडे होती. दरमहा प्रत्येकीचे हजार रुपये. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी चिठ्ठी काढायची, जिचे नाव निघेल तिला बारा हजार द्यायचे. त्या महिन्याचे पैसे गोळा करून तिने कपाटात ठेवले होते. ते भाच्याने काढले आणि दोन रात्रींत मोबाइलवरच्या खेळात घालवले. खेळ म्हणजे पडद्यावर फिरणारी तीन चाके. बोट लावले की चाके फिरतात, थांबतात, आणि चित्रे जुळली की पैसे वाढल्याचे दिसते. जिची चिठ्ठी निघाली होती तिच्या मुलीचे बाळंतपण तोंडावर आले होते.

मी त्याला बोलणार हे त्याला ठाऊक होते. त्यानेच आधी तोंड उघडले. "मामू, गलती हुई, मान्य है. पण एक बोलू? मैं किसी के सामने बैठ्याच नै. किसी का लूट्या नै. मशीन है वो. फिर इसकू जुगार कैसा बोलते?"

मी रागावलो, जे बोलायचे ते बोललो. पण घरी परतताना त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. पोरगा पळवाट शोधत होता हे खरे, तरी प्रश्न खोटा नव्हता. आपण लहानपणापासून ऐकत आलो की जुगार हराम आहे. हराम का, तर अल-माइदा या सूरेत त्याची कारणे दिली आहेत. नव्वद आणि एक्याण्णव या आयतींचा आशय असा की, दारू आणि जुगार यांच्याद्वारे सैतान माणसामाणसांत वैर व द्वेष पेरू पाहतो आणि माणसाला अल्लाहच्या स्मरणापासून, नमाजपासून दूर ठेवू पाहतो. म्हणजे कारणे दोन: वैर आणि विसर. मग जिथे समोर माणूसच नाही, तिथे वैर कुणाशी? यंत्राशी कुणी भांडत नाही. पहिले कारण गळून पडले, तर मनाईचा अर्धा आधार गेला का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी ज्या खेळाला कुरआनने 'मैसिर' म्हटले तो काय होता हे पाहावे लागते. या शब्दाचे नाते 'युस्र' म्हणजे सोपेपणा, सुलभता याच्याशी जोडतात; कष्टाविना सहज हाती येणारा पैसा. इस्लामपूर्व अरबांत उंट कापून त्याचे वाटे घालत. दहा बाण असत. सातांवर कमीजास्त हिस्से ठरलेले, तीन कोरे. थैलीतून बाण काढायचे. हिस्सा निघेल त्याला मांस, आणि कोरा बाण ज्याच्या वाट्याला येईल त्याने उंटाची किंमत भरायची. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जिंकणारे मांस घरी नेत नसत, गोरगरिबांना वाटून टाकत. थंडीच्या, टंचाईच्या दिवसांत या खेळामुळे गरिबांच्या चुली पेटत आणि खेळणाऱ्याला मोठेपणा मिळे.

अल-बकरामधल्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगार यांत लोकांसाठी काही लाभही आहेत असे मान्य केले आहे आणि त्यांचे पाप लाभापेक्षा मोठे आहे असे म्हटले आहे. लहानपणी मला याचे नवल वाटे. जुगारात कसला लाभ? मांसवाटपाची ही हकिगत वाचली तेव्हा उलगडा झाला. दानधर्माचा मुलामा असलेला जुगारही तराजूत घातला गेला आणि तरीही तो नाकारला गेला. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. सातारा-सांगलीकडच्या जत्रांत आणि उरुसांत माझ्या लहानपणी सोरट असे. जमिनीवर चित्रांचे फडके अंथरलेले, भोवती पोरे आणि मोठी माणसे, आणि मध्ये ओरडणारा सोरटवाला. चाराणे लावायचे आणि छत्री येते की कबूतर ते बघायचे. पुढे मटका आला. त्याची सुरुवात मुंबईत, न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात उघडताना व बंद होताना जे दर निघत त्यांवर पैज लावण्यातून झाली. ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. पाहता पाहता 'ओपन', 'क्लोज', 'जोडी', 'पाना' हे शब्द कृष्णाकाठच्या पानटपऱ्यांपर्यंत पोचले. इंग्रजांनी केलेला १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा होता, आजही आहे. पण चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या.

मटक्याने घरे बसवली, यात शंका नाही. तरी त्याचे दोन गुण (गुण म्हणायची वेळ आली आहे) आज आठवतात. एक, चिठ्ठी लिहिणारा माणूस ओळखीचा असे. फार हरलेल्याला तो कधीमधी "आज जा घरी" म्हणे. म्हणत नसला तरी त्याच्याकडे बघून रागावता येई. दुसरा, वेळ. आकडा दिवसातून ठरल्या वेळीच फुटे. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ रुपये असा भाव सगळीकडे चाले. आकडे दहा आणि भाव नऊचा, म्हणजे सरासरीने रुपयातले दहा पैसे मटकेवाल्याचे. पण एकदा लावल्यावर आकडा फुटेपर्यंत माणूस कामाला जाई, जेवे, मनात आले तर नमाजही पढे.

यंत्राने नेमके हे दोन्ही काढून घेतले. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातच भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

बव्हेरियातून अमेरिकेत गेलेला चार्ल्स फे नावाचा एक कारागीर सॅन फ्रान्सिस्कोत यंत्रे बनवी. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने तीन चाकांचे एक यंत्र बनवले. चाकांवर घोड्याची नाल, पत्त्यांतले बदाम, चौकट, इस्पिक आणि तडा गेलेली एक घंटा अशी चित्रे. तीन घंटा जुळल्या की सगळ्यात मोठे बक्षीस: पाच सेंटांची दहा नाणी. त्याआधी पत्त्यांची चित्रे दाखवणारी यंत्रे होती, पण बक्षीस दुकानदार हाताने देई. फेच्या यंत्राने नाणी स्वतःच बाहेर टाकली. माणूस बाजूला होण्याची ही पहिली पायरी.

पुढे कायद्याने बंदी येऊ लागली तेव्हा कारखानदारांनी युक्ती केली. यंत्रातून पैशांऐवजी च्युइंगम देऊ लागले आणि चाकांवर त्या गमच्या चवींची चित्रे घातली: चेरी, लिंबू, संत्रे, आलुबुखार. जुगाराचे यंत्र मिठाईचे दुकान झाले. बंदी सैल झाली तरी फळे राहिली. आज मोबाइलच्या पडद्यावर फिरणारी चेरी आणि कलिंगडे ही कायद्याला शंभर वर्षांपूर्वी दिलेल्या त्या चकव्याची आठवण आहे.

१९६३ च्या सुमारास बॅली या अमेरिकन कंपनीने विजेवर चालणारे यंत्र आणले. शेकडो नाणी ते कुणाच्याही मदतीशिवाय मोजून देई. १९७० च्या दशकात चाकांची जागा टीव्हीच्या पडद्याने घेतली. आणि १९८४ मध्ये इंगे टेल्नेस नावाच्या अभियंत्याला एक पेटंट मिळाले, ज्याने सगळेच बदलले. तोवर चाकावर जितक्या जागा दिसत तितक्याच शक्यता असत. तीन चाके, प्रत्येकावर दहा जागा, म्हणजे हजार जोड्या. बोटांवर नाही तरी कागदावर मोजता येत. टेल्नेसच्या पद्धतीत संगणक आतल्या आत आकडा निवडतो आणि चाक कुठे थांबायचे ते त्या आकड्यावरून ठरते. मोठ्या बक्षिसाच्या चित्राला एखादाच आकडा द्यायचा आणि त्याच्या लगतच्या रिकाम्या जागेला पुष्कळ. मग होते असे की बक्षिसाचे चित्र वारंवार रेषेच्या जरा वर, जरा खाली येऊन थांबते. खेळणाऱ्याला वाटते, थोडक्यात हुकले. प्रत्यक्षात ते थोडक्यात हुकलेले नसते; हुकल्यासारखे दिसावे अशी ती मांडणीच असते.

आता मटक्याचाच हिशेब यंत्राला लावून पाहू. समजा, यंत्रही रुपयातले दहाच पैसे ठेवते. शंभर रुपये घेऊन बसलेला माणूस सगळी रक्कम फिरवत गेला, तर सरासरीने दहा फेऱ्यांनंतर त्याच्याकडे पस्तीस रुपये उरतील आणि वीस फेऱ्यांनंतर बारा. मटक्यात वीस फेऱ्यांना कितीतरी दिवस लागत. यंत्रावर दोन-तीन मिनिटे पुरतात.

नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास वेगासच्या यंत्रांवर आणि त्यांवर खेळणाऱ्यांवर अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २०१२ मध्ये आले. त्यांना आढळले ते असे की या यंत्रांत बुडालेली माणसे जिंकण्यासाठी खेळत नाहीत. खेळत राहता यावे म्हणून खेळतात. जिंकलेले पैसे त्यांना हवे असतात ते अजून काही वेळ तिथेच बसता यावे म्हणून. त्या अवस्थेत घर, देणी, शरीर, वेळ, कशाचेच भान राहत नाही. हे वाचले आणि मला 'विसर' या दुसऱ्या कारणाचा अर्थ नव्याने कळला. मैसिरमध्ये विसर हा खेळाचा परिणाम होता. इथे विसर हाच विकायला ठेवलेला माल आहे.

इथवर मी दुसऱ्यांबद्दल लिहिले. आता स्वतःबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आम्ही मूळ सातारचे बागवान. अब्बा फळांच्या धंद्यासाठी सांगलीत आले आणि एस.टी. स्टँडजवळच्या एका बोळात त्यांनी एक गाळा घेतला. थकल्यावर त्यांनी तो माझ्या नावे केला. मी नोकरीत होतो, म्हणून गाळा भाड्याने दिला. भाडे नऊशे रुपये. २००३ मध्ये संगणकावरच्या लॉटरीचे दुकान टाकू पाहणारा एक जण आला आणि अडीच हजार देतो म्हणाला. त्या वर्षांत अशी दुकाने गावोगाव निघत होती. सरकारमान्य आहे, कागद दाखवतो, म्हणाला. मी कागद पाहिले आणि गाळा दिला. काही महिन्यांनी मागच्या बाजूला त्याने दोन 'व्हिडिओ गेम' बसवले. करमणुकीची यंत्रे, म्हणाला. मला ती काय आहेत हे कळले होते. मी विचारले नाही, कारण विचारले तर उत्तर ऐकावे लागले असते.

एकदा अब्बा जुन्या सवयीने तिकडे गेले. परत आले ते गप्प. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, "वहाँ भी फल च हैं. पण उनकू वजन नै." आयुष्यभर काट्यावर फळे तोललेला माणूस तो. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनमध्ये एक सूराच आहे हे त्यांनी आम्हाला शाळेत जायच्या आधी शिकवले होते. त्यानंतर ते त्या बोळात गेले नाहीत. मी आणखी वर्षभर भाडे घेत राहिलो. २००५ मध्ये तो भाडेकरू आपणहून गेला. मी काढला नाही. एकूण दोन वर्षे. साठ हजार रुपये. त्यात मुलीची फी भरली, छताची डागडुजी केली.

म्हणून भाच्याला 'हराम' हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळली. त्याने बारा हजार घालवले होते. मी साठ हजार कमावले होते, आणि मीदेखील कुणाच्या समोर बसलो नव्हतो.

एक हदीस आहे. तिचा आशय असा की, जो आपल्या सोबत्याला 'ये, जुगार खेळू' असे म्हणेल त्याने सदका द्यावा. पूर्वी मी याचा अर्थ एवढाच घेत असे की नुसते बोलणेही दोषाचे आहे. आता वाटते, यात जबाबदारीचा मोठा विचार आहे. खेळणाऱ्याइतकाच 'ये' म्हणणारा महत्त्वाचा. सोरटवाला 'ये' म्हणत होता आणि त्याचा चेहरा दिसत होता. यंत्रात 'ये' कोण म्हणते? दिवे म्हणतात, संगीत म्हणते, रात्री अकराला मोबाइलवर येणारा 'तुमच्यासाठी पन्नास रुपये बोनस' हा संदेश म्हणतो. पण दिव्यांना आणि संदेशांना पापपुण्य नाही. त्यांच्यामागे चाके जुळवणारा अभियंता आहे, कंपनी आहे, जाहिरातीत हसणारा खेळाडू आहे, कर घेणारे सरकार आहे, आणि गाळा देणारा मी आहे. प्रत्येकाने 'ये'चा एकेक तुकडा उच्चारला, म्हणून कुणालाच आपण 'ये' म्हटल्यासारखे वाटत नाही.

सरकारचा उल्लेख आला म्हणून सांगतो. महाराष्ट्राने १९६९ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली. १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण व कर यांचा कायदा केला. तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करायचे ठरवले. शेजारच्या गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे ठेवायला वाट करून दिली आणि पुढे जहाजांवर कॅसिनो आले. आमच्याकडची पोरे गाड्या करून पणजीला जाऊ लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवर खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. भाच्याच्या बारा हजारांच्या दृष्टीने तो दोन वर्षे उशिरा आला, तरी आला हे बरे झाले. प्रत्येक वेळी बाजू घेणारे म्हणाले की, यातून महसूल मिळतो, रस्ते होतात, शाळा होतात. हेच ते उंटाचे मांस. लाभ आहे, हे कुरआननेही नाकारले नाही. प्रश्न तोलण्याचा आहे.

इथे कुणी विचारील, मग धंद्यात जोखीम नसते का? सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि व्यापाऱ्यांची हळद गेली. ते नशीबच होते. शेतकरी दरवर्षी पावसावर पैज लावतो. मग फरक काय? फरक असा की हळद वाचली असती तर ती कुणाच्या तरी स्वयंपाकात गेली असती. व्यापाऱ्याच्या फायद्यासाठी दुसऱ्या कुणी बुडण्याची गरज नव्हती. जुगारात एकाचे येणे हेच दुसऱ्याचे जाणे. आणि यंत्राच्या जुगारात तर तेही सरळ नाही. मैसिरमध्ये सगळ्यांनाच कोऱ्या बाणाची भीती होती. यंत्राच्या मालकाला ती नाही. त्याच्या बाजूला जुगार नाहीच, हिशेब आहे. जुगार फक्त आपल्या बाजूला.

चिठ्ठी किंवा नशीब ही गोष्टही स्वतःत वाईट नाही. प्रवासाला कोणत्या पत्नीने सोबत यावे हे ठरवायला पैगंबर साहेब चिठ्ठी टाकत, असे हदीसमध्ये आहे. बहिणीच्या भिशीतही चिठ्ठीच निघते. पण तिथे नशीब फक्त पाळी ठरवते. आज नाही तर पुढच्या महिन्यात, बाराही जणींना आपापले बारा हजार मिळतात. एकाच कपाटात, एकाच घरात दोन चिठ्ठ्या होत्या: एक माणसांना बांधणारी, दुसरी त्यांना सोलणारी. भाच्याने पहिलीतले पैसे काढून दुसरीत टाकले.

त्या साठ हजारांचे काय केले, हे सांगणे भाग आहे. जाणत्यांना विचारले. ते म्हणाले, असा पैसा गरजूंना देऊन टाकावा, पण सवाबची अपेक्षा ठेवू नये. ते दान नव्हे, ओझे उतरवणे आहे. तसे थोडेथोडे देत आलो. भिशीचे बारा हजार मात्र त्यातून भरले नाहीत. ते कर्ज भाच्याचे होते. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बाईला पैसे वेळेवर दिले आणि भाच्याने पहाटे मार्केटमध्ये हमाली करून वर्षभरात ते फेडले.

पैसे फिटले, पण गोष्ट तिथे संपली नाही. बारांपैकी दोघी भिशीतून बाहेर पडल्या. त्यांतली एक माझ्या बहिणीची शाळेपासूनची मैत्रीण. ईदला दोघी गळाभेट घेतात, पण पूर्वीसारखे येणेजाणे उरले नाही. उरलेल्या दहा जणींनी भिशी चालू ठेवली. पैसे आता दुसऱ्या घरी जमा होतात. ते ठरवायला त्या बहिणीच्याच घरी जमल्या होत्या. यंत्र कसे चालते, पोरगा का खेळला, हे कुणी विचारले नाही. खाली मान घालून एकीने एवढेच विचारले, "अब पैसे किस के पास रखने के?"

भाचा दाराआड उभा होता. आपल्या समोर कोण बसले होते, हे त्याला तेव्हा कळले असावे. मला ते कळायला त्याहून जास्त वर्षे लागली.